चार जणांचा फोन आणि आठशे मीटर तार

कड्यावर दोर लावलेला, वर दोघे, खाली दोघे, मध्ये दोनशे मीटर उंचीची भिंत आणि मोबाइलला एकही दांडी नाही. अशा ठिकाणी बहुतेक गट वॉकीटॉकीवर भरवसा ठेवतात. ते चालतातही, पण नाळेत, गुहेत किंवा डोंगराच्या सोंडेमागे गेलं की आवाज तुटायला लागतो आणि नेमका "दोर सोडू नका" यातला "नका" गळतो. लष्करी फील्ड टेलिफोनची तार इथे अजूनही उपयोगी पडते. तिला रेंज नसते, चॅनल नसतं, आणि बिघडली तर बिघाड कुठे आहे ते हाताने शोधता येतं. सोय म्हणावी तर खरी हीच.

फोनबद्दल आधी थोडक्यात, कारण तो सोपा भाग आहे. जुन्या अमेरिकन लष्करी मालात दोन प्रकार जास्त दिसतात. टीए-३१२ हा दांडा फिरवून घंटी द्यायचा फोन, त्यात दोन जाडे सेल लागतात. टीए-१ला सेलच नाही. बोलण्याच्या आवाजातूनच त्याची वीज तयार होते आणि घंटीसाठी बाजूचा खटका दाबायचा. टीए-१ सुमारे साडेसहा किलोमीटरपर्यंत पुरतो. टीए-३१२ची कागदोपत्री पल्ल्याची मर्यादा कोरड्या तारेवर सुमारे ३५ किलोमीटर आणि ओल्या तारेवर २२. सोव्हिएत बनावटीचा टीए-५७ याच जातीचा. रेडिओ पकडला जातो म्हणून युक्रेनच्या खंदकांत तो पुन्हा बाहेर निघाला आहे.

टीए-३१२ जोडताना तीन गोष्टी पाहायच्या. निवड-खटका 'एलबी'वर, म्हणजे स्वतःच्या सेलवर चालणारा. सेल दिलेल्या दिशेनेच. आणि रिसीव्हरच्या दांड्यावरचं बटण दाबल्याशिवाय तुमचा आवाज पलीकडे जात नाही. नवखा माणूस दहा मिनिटं "ऐकू येतंय का" ओरडतो, सगळे तार तपासायला पळतात, आणि बटण दाबलेलंच नसतं.

आता तार. अमेरिकन डब्ल्यूडी-१/टीटी ही या कामातली ओळखीची तार. दोन तारांचा पीळ. प्रत्येकीत सात बारीक धागे, चार तांब्याचे आणि तीन पोलादाचे. आत पॉलिथिनचं आवरण, त्यावर नायलॉनचं कडक कवच. तांबं आवाज वाहून नेतं, पोलाद ताण घेतं. वजन किलोमीटरला सुमारे साडेतेरा किलो. पाठीवर न्यायच्या डब्यात सुमारे ८०५ मीटर, म्हणजे अर्धा मैल तार बसते आणि डब्यासकट ते ओझं १२ किलोच्या आसपास जातं. लहान डीआर-८ रिळावर ४०० मीटर. चार-सहा जणांच्या गटाला असं एक रीळ आणि एक सुटा तुकडा पुरतो. मोठं रीळ घेतलं की ते उचलणाऱ्याचा दिवस त्यातच जातो.

अशी तार मिळाली नाही तर लोक नेटवर्क केबलमधली एक जोडी वापरतात. ०.५ मिलिमीटर एकसंध तांब्याच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध (विजेला होणारा अडथळा) किलोमीटरला सुमारे १७५ ओहम. आवाजासाठी एवढा चालतो. अडचण वेगळी आहे. एकसंध तांब्याला सुरीची जराशी खाच पडली, किंवा त्यावर बूट पडून ती दगडाच्या धारेवर दबली, की ती आतल्या आत तुटते आणि वरून आवरण शाबूत दिसतं. असला दोष शोधण्यासारखं कंटाळवाणं काम नाही. एका दिवसाला ठीक, आठवडाभर नको.

तार अंथरण्याआधी पाच मिनिटांचं एक काम करावं, जे बहुतेक जण टाळतात. रिळाच्या एका टोकाची दोन्ही उघडी टोकं एकमेकांना पिळायची आणि दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर लावून रोध मोजायचा. समजा ८०० मीटरच्या रिळाला ११० ओहम आले, तर हा आकडा रिळावर लिहून ठेवायचा. मग पिळलेली टोकं सोडून पुन्हा मोजायचं. आता मीटरने काहीच दाखवता कामा नये. काही हजार ओहम दिसले तर आत कुठेतरी आवरण सोललं आहे आणि ओल शिरली आहे. हे घरी कळलेलं बरं. पुढे डोंगरावर लाइन शॉर्ट झाली आणि मीटरने ४४ ओहम दाखवले, तर त्रैराशिक मांडा: ८०० गुणिले ४४ भागिले ११०, म्हणजे ३२० मीटरवर बघायचं. उन्हात तार तापली की रोध वाढतो, २० अंशांच्या फरकाने साधारण ८ टक्के. त्यामुळे ३२० वर बोट ठेवू नका, २९० पासून चालायला लागा.

अंथरताना पहिला नियम: फोनपाशी तीन-चार मीटर तार मोकळी सोडून मगच ती झाडाला किंवा खुंटीला बांधायची. ताण गाठीवर यावा, फोनच्या टर्मिनलवर नाही. दोन्ही टोकांना चिठ्ठी. एकच लाइन असली तरी चिठ्ठी. दुसरी लाइन संध्याकाळीच लागते आणि अंधारात दोन सारख्या काळ्या तारा हातात घेऊन बसावं लागतं.

तार ताणून टाकायची नाही. जमिनीवर टाकताना अंतराच्या साधारण वीस टक्के जास्त तार धरायची, म्हणजे ८०० मीटर तारेत साडेसहाशे मीटरची लाइन. हे ऐकून लोकांना तार वाया गेल्यासारखी वाटते. पण ताणलेली तार जमिनीपासून वीतभर वर राहते, माणसाच्या पायात आणि म्हशीच्या खुरात अडकते, आणि सांधायची वेळ आली की दोन टोकं एकमेकांना पोचतच नाहीत. सैल तार जमिनीला धरून बसते. दर पन्नास-साठ मीटरवर झुडपाच्या बुंध्याशी क्लोव्ह हिच, म्हणजे दोन वेढ्यांत आवळणारी गाठ, मारावी. कारवीच्या काडीला बांधू नका, ती वाऱ्याने हलत राहते आणि आवरण घासतं.

पायवाट ओलांडायची तर तार काटकोनात न्यायची आणि वीतभर खोल चर मारून पुरायची, वाटेच्या दोन्ही कडांच्या पुढे आणखी मीटरभर. गाडीरस्ता असेल तर झाडावरून, निदान साडेपाच मीटर उंचीवरून. उसाची ट्रॉली जाणार असेल तर तेवढीही कमी पडते, तिथे मोरीतून तार काढावी. रस्ता सार्वजनिक असेल तर आधी विचारून. विजेच्या खांबाला तार बांधायची नाही, विजेच्या तारांवरून ती फेकायची नाही, आणि त्यांच्या खालून जायचं असेल तर जमिनीवरून आणि काटकोनात. दगड बांधून झाडावर तार फेकताना पलीकडे ११ केव्हीची लाइन असेल, तर ती फेक शेवटची ठरू शकते. विजेच्या लाइनला समांतर तार नेली की फोनमध्ये सतत घूं ऐकू येतं.

आणखी एक आवाज हल्ली ओळखून ठेवावा लागतो. सेकंदाला एक असा टक्, टक्. तो रानडुकरांसाठी शेताला लावलेल्या झटका कुंपणाचा. फोन बिघडलेला नाही, तार कुंपणाच्या फार जवळून गेली आहे. वीस-पंचवीस मीटर बाजूला सरकवली की आवाज खूप कमी होतो.

सह्याद्रीत तारेचे शत्रू ऋतूप्रमाणे बदलतात. मार्च-एप्रिलमध्ये वणवा. गवताची आग पळत जाते, झाड जळत नाही, पण पॉलिथिन वितळून दोन तारा एकमेकींना चिकटतात. जळालेला तुकडा सांधत बसू नये, पूर्ण कापून टाकावा. वळवाच्या दिवसांत वीज. धारेवरून गेलेली आठशे मीटर तांब्या-पोलादाची तार म्हणजे काय ते सांगायला नको. गडगडाट ऐकू आला की दोन्ही टोकं फोनपासून काढून दूर टाकायची, आणि फोन कानाला लावायचा नाही. हा नियम आधीच ठरलेला असावा, कारण ऐन वेळी तो फोनवरूनच सांगावा लागतो. आणि बारमाही शत्रू माकडं. झाडावरून नेलेली तार त्यांना झोका वाटते.

आता सांधा. ऐंशी टक्के तक्रारींचं मूळ इथे असतं, हा आकडा मोजून काढलेला नाही, पण काम केलेल्यांपैकी कुणी वाद घालणार नाही.

दोन तारांचे सांधे शेजारी-शेजारी आले तर टेप ओला झाल्यावर ते एकमेकांना भिडतात. म्हणून आधी जोडीतली एक तार पकडीच्या लांबीएवढी, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर, आखूड कापायची. समोरच्या टोकाचीही तशीच. मग या बाजूची लांब तार त्या बाजूच्या आखूड तारेला जोडायची. दोन सांध्यांमध्ये आपोआप वीतभर अंतर पडतं. प्रत्येक टोक १५ सेंटिमीटर सोलायचं, पण एका ओढीत नाही. बोटाच्या पेराएवढे तुकडे करत काढायचं. सुरी आडवी दाबून फिरवली की नायलॉनबरोबर दोन-तीन धागेही कापले जातात. सुरी तिरकी, पेन्सिल तासल्यासारखी.

सोललेल्या टोकांची रीफ नॉट, म्हणजे दोन वेढे उलटसुलट दिशेने घेतलेली गाठ, बांधायची. दोन्ही वेढे एकाच दिशेने जाऊन 'आजीची गाठ' पडली तर ती सरकते, त्यामुळे दोन्ही शेपट्या आपापल्या तारेला समांतर निघतात का ते पाहायचं. गाठ आणि आवरण यांत अर्धा-पाऊण सेंटिमीटर मोकळी जागा ठेवून घट्ट ओढायची. ताण ही गाठ घेणार. आता उरलेल्या शेपटीत सात धागे आहेत आणि सगळे पांढरे दिसतात, कारण तांब्यावर कथिल आहे आणि पोलादावर जस्त. ओळखायचे कसे? एकेक धागा नखाने वाकवा. तांब्याचा वाकला की वाकलेलाच राहतो, पोलादाचा उसळून सरळ होतो. तीन उसळणारे धागे पकडीने आवरणाच्या कडेशी कापून टाकायचे. चार मऊ धागे गाठीवर आणि मोकळ्या जागेवर घट्ट, एकाला एक लागून गुंडाळायचे, शेवटचे दोन वेढे आवरणावर. दुसऱ्या बाजूला तेच.

पोलादाचा एखादा धागा गुंडाळलेल्या भागात राहिला तर तो हळूहळू उलगडतो आणि एका रात्रीत टेप भोकसून बाहेर येतो. सकाळी दव पडलेलं असतं, फोन खरखरतो, आणि सगळे हवामानाला दोष देतात.

टेप गाठीच्या मध्यापासून नाही, तर आवरणावर चार सेंटिमीटर आधीपासून सुरू करायचा, ताणून, अर्ध्यावर अर्धा चढवत पलीकडे चार सेंटिमीटरपर्यंत आणि तसाच परत. शेवटचा वेढा न ताणता. ताणून सोडलेलं टोक आक्रसतं आणि सुटतं.

सांधताना लाइन फोनपासून काढलेली हवी. दांडा फिरवला की तारेत ८० ते १०० व्होल्टची घंटीची वीज येते. जीव जात नाही, पण कड्याच्या कडेला बसलेल्या माणसाने दचकणं चांगलं नाही. "मी तार हातात घेतोय, मी सांगेपर्यंत घंटी नाही" हे वाक्य दोन्ही टोकांनी परत म्हणून दाखवावं.

बिघाड शोधायला मीटर हवाच असं नाही. हाताने फिरवायच्या फोनचा दांडा स्वतःच मीटर आहे. तारा जोडलेल्या नसताना एकदा फिरवून पाहा. हलका, भरभर फिरतो. आता दोन टर्मिनलांमध्ये वायरचा तुकडा लावून फिरवा. कुणीतरी धरून ठेवल्यासारखा जड. हे दोन अनुभव मनगटात बसवून घ्यायचे. लाइन बिघडली आणि दांडा हलका लागला तर तार तुटली आहे. जड लागला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि जितका जड तितकी ती जागा जवळ. चांगल्या लाइनवर तो या दोहोंच्या मध्ये असतो.

मग तार पाहत चालत जायचं नाही, अर्ध्यावर जायचं. तिथे लाइन उघडून दोन्ही बाजूंना घंटी द्यायची. जी बाजू बोलते ती सोडून द्यायची, उरलेल्या अर्ध्याचा पुन्हा मध्य. आठशे मीटरमध्ये चार वेळा असं केलं की पन्नास मीटरचा तुकडा उरतो. यासाठी अंथरतानाच मधल्या एक-दोन ठिकाणी तपासणीची जागा ठेवावी: झाडाला बांधलेली दोन स्क्रूंची पट्टी, तीवर येणारी आणि जाणारी तार. चालू लाइनला टाचण्या टोचून तपासणं सोपं वाटतं, पण प्रत्येक टोचणी म्हणजे पुढच्या पावसातली एक गळती. टोचलीच तर त्या जागी टेप.

तीन-चार फोन एकाच लाइनवर समांतर जोडता येतात. सगळ्यांना सगळं ऐकू येतं, छोट्या गटाला तेच हवं असतं. घंटीचा संकेत ठरवायचा: वरच्यांना एक लांब, खालच्यांना दोन, तंबूला तीन, आणि सलग न थांबणारी घंटी म्हणजे सगळ्यांनी सगळं सोडून फोन उचलायचा. फोन वाढले की प्रत्येक घंटी थोडी मंद होते, त्यामुळे पाचवा-सहावा जोडण्याआधी लांबच्या टोकाला वाजते का ते ऐकून घ्यावं.

एकच तार टाकून परतीसाठी जमीन वापरली तर तारेची बचत होते, हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. पहिल्या महायुद्धात अशा लाइन होत्या आणि जर्मन ऐकणी-पथकं जमिनीत खुंट्या ठोकून समोरचं बोलणं पकडत. त्यावर उतारा म्हणून १९१५मध्ये ब्रिटिश सैन्यातल्या कॅप्टन फुलर यांनी फुलरफोन काढला. आपलं बोलणं कुणी चोरून ऐकेल ही भीती आपल्याला नाही. आपली अडचण काळ्या दगडाची आहे. बेसॉल्टच्या कातळावर चार बोटं माती, उन्हाळ्यात तीही कोरडी. खुंटीभोवती पाणी ओतून, मीठ टाकूनही जेमतेम आवाज येतो आणि विजेची घरघर मात्र भरपूर. दुसरी तार ओढा.

लष्करी फोन न मिळाल्यास घरातले दोन जुने लँडलाइन फोन चालतात. तारेची एक वाट सरळ दोन फोनांमध्ये, दुसऱ्या वाटेत मालिकेत १२ व्होल्टची बॅटरी. दोन्ही रिसीव्हर उचलले की वर्तुळ पुरं होतं आणि साधारण २० मिलिअँपिअर वाहतात, बोलायला तेवढे बस. तार लांबली की आवाज उतरतो. बॅटरीच्या तोंडाशी लहानसा फ्यूज घालावा, तार कुठेही शॉर्ट होऊ शकते. कॉर्डलेस फोन चालत नाही, वायरचाच हवा. घंटी वाजत नाही. त्यावर तोडगा असा की एका टोकाचा रिसीव्हर उचलूनच ठेवायचा. दुसऱ्याने उचलून '५' दाबून धरला की त्यातून टींऽ असा सूर येतो. शांत ठिकाणी तो हातभर अंतरावरून ऐकू जातो, वाऱ्यात नाही. म्हणून सोबत पंधरा-पंधरा मिनिटांचा ठरलेला वेळही असावा. शेतावरच्या विहिरीत उतरून काम करताना वर-खाली बोलायला हा जुगाड पुरेसा आहे. कड्यावर दोराच्या कामासाठी नको.

परत गुंडाळताना तार ओढत आणायची नाही. रीळ घेऊन तारेकडे चालत जायचं. ओढलेली तार दगडाच्या धारेवरून घासत येते आणि पुढच्या वेळचे सगळे दोष तिथेच तयार होतात. एकाने गुंडाळायचं, दुसऱ्याने पुढे चालत गाठी सोडायच्या आणि ओल्या फडक्यातून तार जाऊ द्यायची. आवरण सोललं असेल तर फडकं अडकतं, डोळ्याला दिसण्याआधी ते हाताला कळतं. तिथे लगेच टेप. शेवटी टोकं पिळून पुन्हा रोध मोजायचा आणि रिळाला चिठ्ठी लावायची: ७८५ मीटर, सांधे ३, १०८ ओहम, तारीख. सांधे दहाच्या वर गेले की ते रीळ कड्याच्या कामातून काढून तंबू ते स्वयंपाकघर या लाइनला द्यायचं.